पैसे वसूल

मी हिशेबी माणूस आहे. छत्तीस वर्षे कचेरीत बसून दुसऱ्यांच्या पैशांचे जमाखर्च लिहिल्यावर माणूस दुसरा कोणता होणार? बाजारातून परतताना बांगड्याचा नग केवढ्याला पडला, हे घराच्या पायऱ्या चढता चढता माझ्या मनात काढून झालेले असते. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी पानावरच्या जिलब्या मोजताना माझे लक्ष आहेराच्या पाकिटाकडे असते, असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे आहे. लग्नाला सेहेचाळीस वर्षे झाल्यावर बायकोचे म्हणणे खोडून काढण्याच्या भानगडीत शहाण्याने पडू नये. मीही पडत नाही.

अशा माणसाने नातवाला थीम पार्क दाखवण्याचे कबूल करावे, हीच मुळात चूक. पण गणपतीच्या दिवसांत, आरती झाल्यावर, हातात प्रसादाची वाटी असताना माणूस गाफील असतो. "आजोबा, वर्गात आता मी एकटाच राहिलोय," असे अथर्व म्हणाला आणि "मे महिन्यात जाऊ," असे माझ्या तोंडून निघून गेले. अकरा वर्षांच्या मुलाची स्मरणशक्ती इतिहासाच्या सनावळ्यांपुरती कच्ची असते. आजोबांच्या वचनांच्या बाबतीत ती बँकेच्या खातेवहीसारखी असते.

एप्रिलच्या अखेरीस चिरंजिवांनी मोबाइल उघडून तिकिटांचे दर माझ्यापुढे धरले. मोठ्या माणसाला दीड हजार. लहान मुलाला बाराशे. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला हजार. त्यातही मंगळवारचा दर निराळा, रविवारचा निराळा! मी म्हणालो, "हा काय न्याय? चक्र तेच, खुर्ची तीच. वार बदलला की भाव बदलतो?"

चिरंजीव बँकेत आहेत, त्यामुळे बापाला समजावण्याची त्यांना सवय आहे. ते म्हणाले, "बाबा, फाल्गुनातल्या पहिल्या हापूसच्या पेटीचा भाव आणि मे अखेरचा भाव तुम्ही कधी एक पाहिलाय का? आंबा तोच, झाड तेच."

रत्नागिरीच्या माणसाला हापूसचा दाखला दिला की तो गप्प बसतो. मीही बसलो.

पण खरी अडचण पुढेच होती. अथर्वच्या बाकावर साहिल नावाचा मुलगा बसतो. त्याचे वडील मिरकरवाड्याच्या बंदरात एका ट्रॉलरवर खलाशी आहेत. शाळा सुटल्यावर दोघेही आमच्याच पायऱ्यांवर असतात. आमच्याकडचे मोदक आणि त्यांच्याकडचा शीरखुर्मा यांचा हिशेब गेली चार वर्षे ते आपापसांत चुकता करीत आले आहेत. साहिल मला आजोबाच म्हणतो. दर पाहून झाल्यावर अथर्वने विचारले, "साहिललाही नेऊ या ना?"

मी कॅलेंडरचे फाटलेले पान उलटे केले आणि आकडे मांडले. तिकीट, गाडीभाडे, जेवणखाण. बेरीज दोन हजार दोनशेच्या आसपास गेली. वाचकहो, मला पेन्शन आहे. दोन हजार दोनशे रुपयांनी माझ्या घरातली चूल विझली नसती. पण पाच जणांच्या बेरजेने आधीच दहा हजारांची रेघ ओलांडलेली, तीत आणखी एक आकडा घालायला पेन्सिल पुढे सरेना. मी म्हणालो, "पुढच्या वेळी नेऊ हं." पुढच्या वेळी म्हणजे काय, हे जगातल्या सगळ्या मुलांना कळते. अथर्व काही बोलला नाही.

ठाण्याला मेहुणीकडे मुक्काम ठोकून एका रविवारी सकाळी आम्ही त्या पार्काच्या दाराशी हजर झालो. त्याचे नाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण रीत सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच.

दारात एक रंगीत जिराफ उभा होता आणि त्याच्या मानेवर एकशे चाळीस सेंटिमीटरवर तांबडी रेघ होती. रेघेच्या खाली डोके राहिले तर लहान मुलाचे तिकीट, वर गेले तर मोठ्याचे. माझ्या लहानपणी एस. टी.त वयावर अर्धे तिकीट मिळे, आजही पाच ते बारा वर्षांच्या मुलाला मिळते. वयाची गोष्ट बरी असते, वय कंडक्टरला दिसत नाही. आमच्या वडिलांच्या कृपेने मी सलग तीन वर्षे अकरा वर्षांचा होतो. पण जिराफापुढे कोणाचे काय चालणार? सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "गुडघे जरा वाकव रे." आणि पोरगा मात्र टाचा उचलून मान ताणीत होता! कारण आतल्या मोठ्या रोलर कोस्टरलाही तीच रेघ. रेघेखालच्या मुलाला त्यात बसता येत नाही. एकाच रेघेने आजीला पोर लहान हवे होते आणि पोराला आपण मोठे व्हायला हवे होते. मोजणाऱ्या मुलीने टाचा खाली टेकायला लावल्या. एकशे एक्केचाळीस! अथर्वने उडी मारली आणि मी पंधराशे रुपये मोजले. सगळे मिळून साडेसहा हजार झाले.

दाराशीच सौभाग्यवतींनी पहाटे उठून केलेली घावने आणि चटणी यांना अटकाव झाला. बाहेरचे खाणे आत नेता येत नाही. डबा सामानघरात ठेवावा लागला. आमच्या मनगटांना कागदी पट्ट्या बांधल्या गेल्या. ही पट्टी एकदा बांधली की कुठल्याही खेळात कितीही वेळा बसा, पुन्हा पैसे नाहीत. मला हे फार आवडले. मी खिशातली छोटी वही काढून खेळांची नावे एकाखाली एक लिहिली. एकूण पंधरा. मनात भागाकारही झाला. पंधराशेला पंधरा, म्हणजे खेळाला शंभर. दोनदा बसलो तर पन्नास. आजचा दिवस वाया जाऊ द्यायचा नाही, असा मी निश्चय केला.

पहिल्या रांगेत पन्नास मिनिटे गेली आणि खेळ दोन मिनिटांत आटपला. शेजारून दुसरी एक रांग भराभर पुढे सरकत होती. चौकशी करता कळले, की वेगळे पैसे भरून वेगळा पास घेतलेल्यांची ती रांग. एकदा तिकीट घेतल्यावर रांगेतही पुन्हा दोन जाती असाव्यात, हे मला खटकले. पण या गोष्टीत अमेरिकाही मागे नाही. तिथल्या डिस्नेच्या पार्कांत रांग वाचवणारा पास १९९९ सालापासून फुकट मिळे, तो २०२१ साली विकतचा झाला.

रांगेत उभ्या माणसाला विचार करायला वेळ भरपूर मिळतो. मी जमाखर्चाच्या दुसऱ्या बाजूचाही विचार केला. तो न करणे म्हणजे धंद्याशी बेइमानी. ही अवाढव्य यंत्रे, त्यांची वीज, रोज सकाळी एकेक खिळा नि पट्टा तपासणारी माणसे, प्रत्येक खेळापाशी उभी असलेली पोरे, यांचा पगार मंगळवारी कमी होत नाही. सकाळची एस. टी. तीन उतारू घेऊन सुटली म्हणून ती डिझेल कमी पीत नाही. त्यात आपल्याकडचे पावसाचे चार महिने. शिवाय सरकारचा वाटा. जी. एस. टी. आला तेव्हा, जुलै २०१७ मध्ये, थीम पार्कच्या तिकिटावर २८ टक्के कर बसला होता, तो जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आला. आणि एवढी तिकिटे लावूनही हा धंदा म्हणजे पैशांचा पाऊस नव्हे. मुंबईच्या गोराईला एस्सेल वर्ल्ड १९८९ साली निघाले. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी मुलांना लाँचमधून खाडी ओलांडून तिथे नेले. ते २०२२ साली बंद झाले. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका कर्जाच्या ओझ्याखाली आले आणि त्याच २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. तेव्हा दीड हजार ही लूट आहे, असे म्हणायला माझी हिशेबी जीभ तयार होईना. आपण चढतो त्या चक्राचा खिळा कोणी तरी तपासला आहे, या खात्रीचे पैसे त्यात आहेत, आणि ते द्यायलाच हवेत.

दुपारपर्यंत वहीत आठ खुणा झाल्या. जेवणाला चौदाशे रुपये गेले, त्याची खूण मी केली नाही. तीनच्या सुमारास अथर्व आजीशेजारी झाडाखाली जाऊन बसला आणि म्हणाला, "आजोबा, बस झालं आता. पोट भरलं."

"भरलं?" मी वही पुढे केली. "अरे, अजून सात राहिलेत!"

"नको आजोबा, खरंच नको."

"नको कसं? पैसे भरलेत आपण!"

आणि मी त्याला हाताला धरून उठवले आणि गरगर फिरणाऱ्या कपांच्या रांगेत नेऊन उभे केले. तो बसला. मी कठड्याबाहेर उभा राहून नववी खूण केली. खाली उतरला तेव्हा पोराचे तोंड पांढरेफटक पडले होते. चार पावले चालून तो फुलझाडांच्या वाफ्यात ओकला. चौदाशे रुपयांतला त्याचा वाटा तिथे गेला. झाडलोट करणाऱ्या बाईंनी काही न बोलता त्यावर माती टाकली. अथर्वने तोंड धुतले आणि तो मला म्हणाला, "सॉरी, आजोबा."

वाचकहो, तो मला सॉरी म्हणाला! मी वही खिशात घातली. त्यानंतर ती त्या दिवशी बाहेर काढली नाही.

मला एकाएकी १९६२ सालचा शिमगा आठवला. श्री देव भैरीची पालखी झाडगावच्या सहाणेवर आलेली. गर्दी, ढोल, गुलाल. एका बाजूला चार पेट्यांचा लाकडी पाळणा, एक घामाघूम माणूस तो हातांनी ढकलीत होता. त्याचा खिळा कोणीच तपासलेला नसणार. वडिलांचा पगार एकशे दहा रुपये होता. त्यांनी माझ्या हातावर चार आणे ठेवले. पंचवीस नवे पैसे म्हणायची जिभेला अजून सवय व्हायची होती. पाळण्याला पाच पैसे पडत. मी एकदा बसलो. खाली उतरून विचार केला, पुन्हा बसलो. पाळणेवाला म्हणाला, "अजून बसतोस?" मी मान हलवली. पोट भरले होते. पाच पैशांचा बर्फाचा गोळा खाल्ला, दहा पैशांची पिपाणी घेतली आणि ती घरी जाईपर्यंत वाजवली. वडील वाटेत एवढेच म्हणाले, "हळू वाजव."

त्या चार आण्यांत माझ्या मनाला एक हक्क होता. थांबण्याचा. प्रत्येक फेरीला पैसे पडत, म्हणून प्रत्येक फेरीपूर्वी मी मनाला विचारी, हवी का आणखी? पार्कच्या पट्टीने नेमका हा प्रश्न काढून घेतला. सगळ्याचे पैसे आधीच भरलेले, तेव्हा न बसणे म्हणजे नुकसान! मग माणूस खेळायचे सोडून वसुलीला लागतो, आणि वसुलीला निघालेला माणूस कधी हसताना कोणी पाहिला आहे?

गंमत अशी, की या सगळ्या पार्कांचा आजा जो कॅलिफोर्नियातला डिस्नेलँड, तोही आमच्या जत्रेच्याच रीतीने सुरू झाला. १९५५ सालच्या जुलैत तो उघडला तेव्हा दाराशी मोठ्या माणसाला एक डॉलर आणि आत प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे. त्याच वर्षी दार आणि आठ खेळ मिळून अडीच डॉलरचे तिकिटांचे पुस्तक निघाले. अमेरिकेतली किमान मजुरी तेव्हा ताशी ७५ सेंट होती, म्हणजे साडेतीन तासांच्या कामात एक माणूस आठ खेळ खेळून येई. सुट्या तिकिटांची ही रीत १९८२ साली बंद झाली आणि एकदाच पैसे भरून सगळे खेळ, हे सुरू झाले. आता गर्दीच्या दिवसाचे तिथले तिकीट दोनशे डॉलरच्या वर गेले आहे. कॅलिफोर्नियात २०२५ साली किमान मजुरी ताशी साडेसोळा डॉलर होती. त्या हिशेबाने तिथल्या मजुराला आत शिरायला बारा तासांहून अधिक काम करावे लागते.

दर महाग की स्वस्त, हे मोजायची खरी काठी हीच. माझे चार आणे वडिलांच्या पगाराचा चारशे चाळिसावा हिस्सा होते. अथर्वचे पंधराशे त्याच्या बापाच्या पगाराचा बत्तिसावा हिस्सा झाले. आणि आमच्या आंब्याच्या कलमांना आळी करायला जो गडी येतो, त्याला मी दिवसाला सहाशे रुपये देतो. त्याच्या पोराचे एक तिकीट म्हणजे त्याचे अडीच दिवस. नुसते तिकीट. भाडे नाही, जेवण नाही, आणि सोबत बापही नाही. पार्काने माल चोख दिला, हे मी मान्य करतो. पण दाराबाहेर कोण राहिले, याची खूण कोणाच्याच वहीत नसते. शिमग्यात भैरीबुवाची पालखी घरोघर जाते, दारात नाचते, ओटीत नारळ पडो की दोन रुपये पडोत. जिराफ मात्र आपल्या जागेवरून हलत नाही.

परतीच्या गाडीत घावनांचा डबा उघडला. मी सौभाग्यवतींना विचारले, "तुम्ही दिवसभर बाकावर बसून होतात. हजार रुपये फुकट गेले ना?"

"फुकट?" त्या म्हणाल्या. "अहो, सावलीत बसायला मिळालं. समोर ते फिरते घोडे होते. हसणारी पोरं किती पाहिली! एका बाईचं बाळ तासभर सांभाळलं. आणि दोनदा मी स्वतः घोड्यावर बसले. पांढऱ्या."

"दोनदा?" मी थक्क झालो. माझ्या वहीत त्याची नोंद नव्हती.

"तिसऱ्यांदा नको वाटलं," त्या म्हणाल्या, आणि घावनाचा तुकडा मोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

अथर्व खिडकीशी बसला होता. मी त्याला विचारले, सगळ्यांत चांगले काय वाटले? "रोलर कोस्टर," तो म्हणाला. मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "पण बाबा डोळे मिटून बसले होते. मी एकटाच ओरडत होतो. साहिल असता तर दोघं ओरडलो असतो."

चिपळुणाच्या पुढे गाडी बोगद्यात शिरली आणि काचेत मला माझेच तोंड दिसले. दोन हजार दोनशे रुपये वाचवलेल्या माणसाचे तोंड.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी साहिल पायरीवर हजर. "केवढं उंच होतं रे?" त्याने विचारले. "आपल्या किल्ल्यावरच्या दीपस्तंभाएवढं," अथर्वने ठोकून दिले. साहिलने मान हलवली आणि तो पुढचे विचारू लागला. रुसला नाही, उसासा टाकला नाही. त्याने रुसावे, असे मला त्या वेळी वाटत होते. तेवढीच माझी फेड झाली असती.

येत्या मे महिन्याचा बेत आता ठरला आहे. जायचे, पण आडवारी, दर कमी असताना. वही न्यायची नाही. मी सुचवले, की आम्ही दोघे म्हातारे घरी राहतो, म्हणजे आमच्या तिकिटांत साहिलचे बसेल. त्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही राहा खुशाल. मला माझा घोडा आहे." तेव्हा माझे एकट्याचे तिकीट रद्द झाले. साहिलच्या घरी मी स्वतः जाऊन विचारून आलो. त्याच्या आईने दोन वेळा नको म्हटले, तिसऱ्यांदा चहा टाकला.

परवा दोघा पोरांना आमच्या दाराच्या चौकटीला टेकवून उभे केले आणि पेन्सिलीने रेघा ओढल्या. साहिल भरला एकशे सदतीस. मेपर्यंत तो तीन सेंटिमीटर वाढला नाही, तर त्याला तीनशे रुपये कमी पडतील, पण मोठ्या रोलर कोस्टरवर अथर्वला पुन्हा एकट्यानेच ओरडावे लागेल. हिशेबी माणसाने यात काय इच्छावे?

तेव्हापासून रोज संध्याकाळी साहिल पायरीवर दिसला, की मी आत वळून सांगतो, "अहो, त्या पोराला कपभर दूध द्या."